तोंडओळख

फोन अप्पांना उघडला. रविवारची सकाळ, सव्वाआठचा सुमार, टेबलावर दोन कप, बिस्किटांचा डबा आणि काल दुपारीच घरात आलेला हा फोन, एवढंच सामान होतं. अप्पांनी चष्म्याचं घर उचलावं तसा तो उचलला, तोंडासमोर धरला, आणि फोननं फारसे आढेवेढे न घेता कुलूप काढलं. 'ओळख पटली' असं दोन शब्दांत सांगून मोकळा झाला. समोर बसलेल्या मुलाचा कप ओठांपाशी पोचला होता तो तिथंच राहिला. फोन त्याचा होता आणि फोनमध्ये भरलेला चेहराही त्याचाच होता. शेहेचाळीस वर्षं वापरलेला, जागोजागी झिजलेला, पण त्याचा. काल दुकानात एकदा आणि घरी तीनदा मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली करून त्यानं तो फोनला शिकवला होता, जसं नव्या नोकराला घर दाखवतात. आणि नोकरानं पहिल्याच दिवशी भलत्यालाच मालक समजून आत घेतलं होतं. मधला अठ्ठावीस वर्षांचा फरक फोनला किरकोळ वाटला असावा.

"उघडला की," अप्पा म्हणाले. "तू म्हणत होतास तुझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही."

"स्वस्तातला आहे. द्या इकडे."

"थांब. काहीतरी लिहिलंय."

लिहिलंय म्हटल्यावर अप्पा वाचणार, त्याला इलाज नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी घरोघर पाण्याचे मीटर वाचले होते. दिवसाला ऐंशी घरं. दार वाजवायचं, 'पाणी' म्हणायचं, आत शिरायचं, जिन्याखाली, मोरीत, कुंड्यांच्या मागे, जिथं असेल तिथं उकिडवं बसून टॉर्च मारायचा, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा आणि बाहेर. या नोकरीत त्यांनी एकच नियम पाळला, हसायचं नाही. वाचणारा हसला की लोकांना वाटतं आकडा वाढवला, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगला होता, फक्त तो संध्याकाळी चपला काढताना ते दाराबाहेर ठेवत नसत. मुलाच्या निकालावर, मुलीच्या लग्नात, सगळीकडे तोच चेहरा. बायको गेली त्या दिवशी मात्र तो अगदी शोभून दिसला होता, पाहुण्यांनी वाखाणला. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते गप्प खिडकीत बसून असायचे, आणि गेल्या वर्षापासून पुन्हा कामावर जायला लागले. अडचण एवढीच की कामावर त्यांना कुणी ठेवलं नव्हतं. दुपारी कुणाचं दार लोटलेलं दिसलं की अप्पा आत. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्युटी संपवून आंघोळीला गेल्या तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात अप्पा टॉर्च घेऊन उकिडवे बसलेले. 'पाणी,' अप्पा म्हणाले. बाईंनी डोक्यात बादली घातली नाही हेच उपकार. आणि महिन्यापूर्वी ते चार तास सापडले नाहीत. सापडले ते दोन रस्त्यांपलीकडे, अर्ध्या बांधलेल्या इमारतीत, भिंतीतल्या एका चौकोनी भोकासमोर उभे. "अजून बसवलेला नाही," त्यांनी मुलाला सांगितलं होतं. "बसवतील तोवर थांबतो." त्यांच्या बुटांत पाणी होतं. घरी आणताना ते त्याच्या दंडाला धरून चालत होते, आणि त्याला एकाएकी आठवेना की अप्पांनी आपल्याला याआधी कधी धरलं होतं. आठवायला तो तीन दिवस बसला. नाहीच आठवलं.

तर फोनमध्ये जे लिहिलं होतं ते असं होतं. त्या प्रकरणानंतर ताईचा फोन आला होता, दूरच्या शहरातून, मागे कुकरची शिट्टी. "तू दिवसभर लॅबमध्ये, ते दिवसभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत. उद्या कुणी हात उगारला तर?"

"मग तू घेऊन जा."

"माझ्याकडे जागा कुठंय रे?"

"त्यांना कुठं जागा लागते? एक मीटर दाखव, बसतील त्याच्यासमोर."

"दर वेळी चेष्टा नको करूस," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज कापला, आणि कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग तिनंच एका निवासाचं नाव पाठवलं, म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणाऱ्या. तिथल्या व्यवस्थापक बाई फोनवर इतक्या गोड बोलल्या की त्याला स्वतःलाच भरती व्हावंसं वाटलं. एक जागा रिकामी आहे म्हणाल्या. रिकामी कशी झाली ते त्यानं विचारलं नाही. अर्ज कागदावर घेत नाहीत, निवासाच्या ॲपवरच भरायचा. ते ॲप त्याच्या जुन्या फोनमध्ये मावेना. म्हणजे त्याला नवा फोन हवा होता तो एवढ्यासाठी, की बापाला घराबाहेर काढता यावं. अप्पांना त्यानं सांगितलं, जुन्याची बॅटरी फुगलीये.

दुकान पांढरंशुभ्र होतं, दवाखान्यासारखं, फक्त इथं सगळे आपखुशीनं आलेले होते. विक्रेती मुलगी चटपटीत होती. "काय बघायचंय सर? कॅमेरा, बॅटरी, गेमिंग?"

"अर्ज भरायचाय."

"अर्ज सगळ्यांतच भरता येतो सर," ती म्हणाली आणि हसली, आणि तिच्या दातांना तारा होत्या. त्याचं लक्ष तिथंच जाणार. वीस वर्षं तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करत होता. इमारतीत त्याचं नाव दातवाला. माणूस भेटला की तो आधी तोंडात बघायचा, नाव मागाहून विचारायचा, आणि लक्षात दातच राहायचे. "दोन वर्षं लागतील," तो बोलून गेला.

"काय सर?"

"तो वरचा सुळा. दोन वर्षं."

"डॉक्टर दीड म्हणालेत."

"डॉक्टर दीडच म्हणतात."

यानंतर ती फारशी हसली नाही, आणि आपण कुणाचा तरी दिवस अर्ध्या वर्षानं लांबवला या जाणिवेनं त्यानं तिनं पुढं केलेला पहिलाच फोन घेतला. तिनं तो तिथल्या तिथं चालू करून दिला. फोननं आधी भाषा विचारली, मग एकामागून एक मोठमोठी पानं पुढं केली, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तो 'मान्य आहे' म्हणत गेला. आयुष्यात इतकं सलग मान्य त्यानं कधी केलं नव्हतं, लग्नाचं मान्य करायची वेळ आली तेव्हासुद्धा जमलं नव्हतं. मग चेहरा. 'चेहरा नेहमीसारखा ठेवा,' फोन म्हणाला. नेहमीसारखा म्हणजे कसा, ते त्याला नक्की ठाऊक नव्हतं; नेहमी तो स्वतःच्या चेहऱ्याच्या आतल्या बाजूला असायचा. लॅबमध्ये कवळी बसवून बघायला आलेल्या माणसाला 'ई करा' म्हणायची सवय, तेच त्यानं केलं. "सर, दात नका दाखवू," मुलगी म्हणाली. पण घरी आल्यावर फोननं तो चेहरा नाकारला, पुन्हा मागितला, आणि खोलीत एकट्यानं पलंगावर बसून त्यानं पुन्हा दात विचकले, कारण कॅमेऱ्यासमोर बाकी काही करता येत नव्हतं. तो चेहरा फोनला आवडला. तो कायम झाला.

आणि आता टेबलापलीकडे अप्पा बारीक अक्षर वाचायला डोळे किलकिले करून बसले होते, वरचा ओठ उचलला गेला होता, दात दिसत होते, आणि दातवाल्यानं कप खाली ठेवला. कारण ते दात कुणाचे होते ते जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अप्पांचे उरलेसुरले दात निघाले आणि कवळी करायची वेळ आली तेव्हा लॅबचे मालक म्हणाले, बापाचं काम तूच कर. दात मांडताना माणसाचा जुना फोटो समोर ठेवतात, आधी कसे होते ते बघायला. त्यानं घरातले सगळे फोटो काढले. एकाही फोटोत अप्पांचा दात नाही. लग्नाच्या फोटोत नाही, ताईला मांडीवर घेतलेल्या फोटोत नाही, निरोपसमारंभाच्या फोटोत तर गळ्यात हार आणि ओठ शिवल्यासारखे. तो आठवायला लागला. ज्या माणसाच्या हाताखाली वाढला त्याच्या तोंडात काय होतं ते त्याला सांगता येईना. रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा किडका दात त्याला आठवत होता. लॅबच्या फळीवर त्याचा स्वतःचा प्लॅस्टरचा साचा धूळ खात पडला होता, शिकाऊ असताना सगळ्यांना आपल्याच तोंडाचा काढायला लावतात तो. संध्याकाळ झाली होती, काम संपवायचं होतं. त्यानं तो साचा पुसून समोर ठेवला आणि मेणाच्या पट्टीवर एकेक दात बघून बघून तसाच मांडला, पुढच्या दातावर जरासा चढलेला डावीकडचा वाकडा दातसुद्धा. वाकडेपणा असला की खरं वाटतं, हे धंद्यातलं शहाणपण. अप्पांनी कवळी घातली, आरशात पाहिलं, म्हणाले, "बोचत नाही." एवढंच. त्या दिवसापासून घरात जेवणाच्या वेळी समोरासमोर एकच तोंड दोनदा चालत होतं, आणि त्याचा घास मधेच फिरायचा.

"'प्रवेशिताचं नाव'," अप्पा वाचत होते, वहीतला आकडा मोठ्यानं सांगावा तसे. "बरोबर. 'वय चौऱ्याहत्तर.' बरोबर. 'उंची'... ही दोन इंच जास्त घातलीस."

"अंदाजानं घातली."

"अंदाजानं आकडा घालायचा नसतो. दार बंद असलं तर 'दार बंद' लिहायचं." बोट पुढं सरकलं. अप्पांचं बोट कोरडं, स्थिर. काल याच काचेवर त्याचं स्वतःचं बोट घामानं घसरत होतं. "'हाक मारल्यास प्रवेशित वळून पाहतो का? नेहमी, कधी कधी, नाही.' तू कधी कधी केलंयस. कधी नाही बघितलं मी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मला ऐकू आलं होतं," अप्पा म्हणाले.

मंगळवारी तो दारात उभा राहून चार वेळा 'अप्पा' म्हणाला होता आणि अप्पा खिडकीतून खाली बघत राहिले होते. लहानपणी हे उलट असायचं. तो रस्त्यावर खेळत असायचा, अप्पा खांद्याला वही लटकवून फेरीवर त्याच गल्लीत यायचे, आणि त्याच्या अंगावरून, खरोखर अंगावरून, नजर नेत पुढच्या दारात जायचे. ड्युटीवर ओळख दाखवायची नाही. मित्र विचारायचे, तुझे बाबा ना रे ते? तो म्हणायचा, नाही, पाणीवाला आहे. हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण वाकडा दात जिभेला लागावा तसं ते रोज लागायचं. आता त्याला वाटलं, उठावं, फोन हातातून काढून घ्यावा, एवढंच तर करायचं होतं. टेबल तीन फुटांचं होतं. पण हात कपाभोवती होता आणि कप गरम होता, आणि हात तिथंच बरा होता.

"'स्वभाव. शांत, चिडका, सांगता येत नाही.' सांगता येत नाही, अं? 'आवडीनिवडी.' रिकामं."

"वीस अक्षरांतच बसवायचं होतं."

"पाणी. दोन अक्षरं आहेत." अप्पांनी स्वतःच एकेक अक्षर दाबून ते भरलं आणि खाली गेले. "'कृत्रिम दात आहेत का? होय. त्यावर नाव कोरलेलं आहे का? होय.'" इथं ते थांबले. बिस्किटांच्या डब्याशेजारी त्यांनी फोन उताणा ठेवला, अंगठा तोंडात घालून वरची कवळी सोडवली आणि ती तळहातावर उलटी धरली. शुक्रवारी पॉलिश करतो म्हणून त्यानं ती लॅबमध्ये नेली होती. निवासाच्या यादीत होतं, कवळ्यांवर नावं हवीत, धुताना एकमेकांच्या जातात. त्यानं टाळूच्या बाजूला बारीक चिठ्ठी ठेवून वर पारदर्शक थर चढवला होता, इतका गुळगुळीत की जिभेला कळू नये. जिभेला कळलंच नसेल. पण ज्या माणसानं पस्तीस वर्षं अंधारात धुळीखालचे आकडे वाचले त्याच्या हातात लिहिलेलं काही द्यायचं आणि तो वाचणार नाही असं धरून चालायचं, हे दातवाल्यालाच सुचू शकतं.

"शुक्रवारीच वाचलं," अप्पा म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द ओले, बोळक्यातून येत होते. "अक्षर चांगलं आलंय. अशी एक जागा होती माझ्या फेरीत. मोरीशेजारी परातीत चाळीस-पन्नास कवळ्या, सगळ्यांना नावं. मी मीटर वाचायचो आणि मग त्या वाचायचो. दर खेपेला दोन-तीन नावं नवी." त्यांनी बोटानं पुढचे दात चाचपले, एकेक करून, आणि वाकड्यावर थांबले. "हा माझा नाही. माझे सरळ होते."

"अप्पा..."

"तुझा आहे. पहिल्याच दिवशी कळलं. तीन वर्षं झाली, तुझ्या तोंडानं जेवतोय मी."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला आणि भिंतीतला पाइप घुमला. अप्पांनी तिकडं मान वळवली, मग पुन्हा फोनकडे. शेवटचा रकाना उरला होता. काल संध्याकाळी तो इथवर येऊनच थांबला होता, उद्या करू म्हणून. 'अर्जदाराने आपला चेहरा चौकटीत आणून अर्ज निश्चित करावा.' अर्जदार म्हणजे मुलगा. अप्पांनी हे दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं, एकदा मनात, आणि फोन उचलून तोंडासमोर धरला. गाल आत गेलेले, ओठ तोंडात दुमडलेले. चौकट लाल झाली. 'ओळख पटली नाही.'

दातवाल्यानं श्वास सोडला. आता संपलं, त्याला वाटलं, आता ते खाली ठेवतील, आपण हसण्यावारी नेऊ, चहा गार झाला म्हणू.

"दात लागतात त्याला," अप्पा म्हणाले.

त्यांनी कवळी कपातल्या उरलेल्या चहात बुडवली नाही की पुसली नाही. तशीच तोंडात सरकवली, अंगठ्यानं वर दाबून बसवली, जबडा दोनदा मिटून उघडला. हे सगळं सावकाश चाललं होतं. एवढ्या वेळात माणूस टेबलाला वळसा घालून जाऊन परत येऊ शकला असता. मग अप्पांनी फोन पुन्हा उचलला आणि ओठ मागं घेतले. ते हसले. हसणं म्हणजे काय करायचं असतं ते कुठंतरी पाहून ठेवलेल्या माणसासारखे, पण हसले, आयुष्यात पहिल्यांदा, एका फोनकडे बघून, मुलाच्या दातांनी. चौकट हिरवी झाली. 'अभिनंदन! आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.' पडद्यावर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडले. आणि त्या क्षणी, अप्पांचे दात अजून उघडे असताना, दातवाल्याला छातीत जे जाणवलं ते दुःख नव्हतं. ते ओळखीचं होतं. प्लॅस्टर न तुटता साचा अलगद सुटून हातात येतो तेव्हा जे वाटतं ते. सुटलं. त्यानं ते लगेच दाबून टाकलं, पण वाटून गेलं होतं, आणि अप्पा समोरून वाचत होते.

"'प्रवेश सोमवारी दहा वाजता'," अप्पांनी खालची ओळ वाचली. फोन त्यांनी त्याच्यापुढं सरकवला. "किती मीटर आहेत तिथं?"

"विचारलं नाही."

"मोठी जागा असली तर दोन असतील. एक बागेचा." ते उठले, खुर्ची नीट आत ढकलली आणि खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं. मग बराच वेळ टॉर्चचं बटण, चालू, बंद, चालू, बंद. सेल तपासत असावेत.

पडद्यावर खाली एक ओळ होती. अर्ज चोवीस तासांत रद्द करता येईल, त्यासाठी अर्जदाराचा चेहरा पुन्हा लागेल. शेजारी आकडे पळत होते. त्याला आशा होती, आणि आशा कसली होती हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली, की फोन आता आपल्याला ओळखणार नाही. त्यात तरी काही अर्थ झाला असता. ताईला सांगता आलं असतं, यंत्रानं दगा दिला. त्यानं फोन तोंडासमोर धरला. ओळख पटली. लाल रंगात 'रद्द करा' आलं. तो बघत राहिला, पडदा आपोआप मंद झाला, विझला. त्यानं पुन्हा धरला. ओळख पटली. त्यानं चष्मा लावला, काढला, गाल फुगवले, डोळे बारीक केले, शेवटी हातानं तोंड झाकलं, आणि फोन प्रत्येक वेळी इमानदारीनं उघडत गेला, दर वेळी तेच लाल बटण पुढं धरत, आणि दर वेळी त्याचं बोट काचेपासून वीतभर अंतरावर, मांडीवर.

"उघडतोय का?" आतून अप्पांनी विचारलं.

"उघडतोय."

"आकडा काय दाखवतोय?"

"तेवीस तास, एकेचाळीस मिनिटं."

"चढतोय का उतरतोय?"

"उतरतोय, अप्पा."

आतला टॉर्च एकदा चालू झाला, त्याचा उजेड दारातून फरशीवर आला आणि त्याच्या पायांपाशी येऊन स्थिर झाला. "मग उलटा बसवलाय," अप्पा म्हणाले. "कळव कुणालातरी."

"कळवतो," तो म्हणाला, आणि फोन पुन्हा तोंडासमोर धरला.